नोंद आढळत नाही

रंजिता पाटीलने जूनमध्ये एका कागदावर सही केली. कागद एका ओळीचा होता. ‘नवीन सर्व्हरवरील शोध सुविधा तपासून पाहिली, योग्य चालते.’ खाली तिचं नाव, हुद्दा आणि तारीख.

ती कोरीटची. रोज स्कूटीवर नंदुरबारला यायची आणि एका शिक्षणसंस्थेच्या मुख्य कार्यालयात संगणक ऑपरेटरचं काम करायची. अकरा वर्षं झाली होती, तरी कंत्राटीच. सप्टेंबरअखेर कंत्राट संपायचं आणि एक ऑक्टोबरला नवा कागद हातात पडायचा. संस्थेच्या चौतीस शाळा होत्या, त्यातल्या निम्म्या डोंगरात, आश्रमशाळा. या शाळांची जुनी जनरल रजिस्टरं संस्थेने स्कॅन करून कार्यालयाच्या सर्व्हरवर ठेवली होती. कोणत्या साली कोणतं मूल पहिलीत आलं, बाप कोण, जात काय, जन्म कधीचा, हे सगळं त्या रजिस्टरांत. मूळ रजिस्टरं गोदामात ठेवली होती. एका पावसाळ्यात गोदामाचं छत गळलं, उरलेलं वाळवीने संपवलं. तेव्हापासून स्कॅन हाच एकमेव पुरावा होता.

माणसं यायची ती जातपडताळणीसाठी. पोराला कॉलेजात जागा मिळालेली असायची आणि वडिलांच्या पहिलीच्या प्रवेशाचा उतारा हवा असायचा. रंजिता खिडकीत बसून पोर्टलवर नाव टाकायची, पान समोर यायचं. ते छापायचं, सचिवांची सही घ्यायची, की माणूस मोकळा. पान आलं नाही तर दुसरं पत्र तयारच असायचं: ‘आपण मागणी केलेली नोंद संस्थेच्या अभिलेखात आढळत नाही.’

जूनमध्ये नवा सर्व्हर आला. काम श्रेणिक बाफना या गावातल्याच तरुण कंत्राटदाराकडे होतं. रंजिताने तपासणीसाठी दोनशे नावांची यादी काढून ठेवली होती, प्रत्येक शाळेतली, प्रत्येक दशकातली. पण उद्घाटन अकराला होतं आणि मशीन चालू झालं साडेदहाला. सचिव नवनीत सर टेबलाशी येऊन उभे राहिले.

“झालं का मॅडम? पाहुणे खाली आलेत.”

“सर, यादी तपासायला दोन दिवस तरी लागतील.”

“एक-दोन नावं टाकून बघा की. चालतंय ना?”

तिने तीन नावं टाकली. तिन्ही गेल्या चार-पाच वर्षांतली, कारण तीच तोंडपाठ होती. तिन्ही पानं चटकन आली, पूर्वीपेक्षा चटकन. श्रेणिकने कागद पुढे सरकवला. तिने सही केली आणि सगळे खाली नारळ फोडायला गेले.

जालमसिंग पावरा पहिल्यांदा आला तो जुलैच्या शेवटी. तोरणमाळच्या खालच्या अंगाला त्याचा पाडा. तिथून घाट उतरून जीपने शहाद्याला आणि पुढे एसटीने नंदुरबारला, म्हणजे पहाटे निघालेला माणूस बाराला खिडकीशी पोचायचा. त्याच्या मुलीला, सेवंतीला, धुळ्याला नर्सिंगला जागा मिळाली होती. रंजिताने जालमसिंग टाकलं, जालमसींग टाकलं, नुसतं जालम टाकलं. काही आलं नाही.

“नाही सापडत, भाऊ.”

“मी तुमच्याच आश्रमशाळेत शिकलो, ताई. सातवीपर्यंत.”

“रेकॉर्डला नाही.”

“तू परत बघ ना.” डोंगरातली माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, तिला त्याचं काही वाटत नसे. तिने परत बघितलं. मागे सात-आठ जणांची रांग होती. तिने तयार पत्र छापलं, जावक क्रमांक घातला, सह्यांच्या गठ्ठ्यात घालून सचिवांची सही आणवली आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि गेला. त्या महिन्यात अशी पत्रं नेहमीपेक्षा जास्त जात होती, हे तिच्या ध्यानात आलं होतं. ‘यंदा पडताळणीवाले फार आलेत’ असं तिने स्वतःशी म्हटलं आणि विषय संपवला.

तो परत आला तो ऑगस्टच्या मध्यावर, एका गुरुवारी. या वेळी त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद होता.

“हा बघ. हा सुकरामचा उतारा. माझ्या पाड्यावरचा. गेल्या वर्षी इथूनच काढला त्याने, त्याच्या पोरासाठी.”

रंजिताने कागद हातात घेतला. शिक्का संस्थेचा होता, छपाई तिच्याच प्रिंटरची. खालच्या कोपऱ्यात तिचीच छोटी सही. शाळा जालमसिंगचीच, साल १९८६, रजिस्टरातला नंबर ११७.

“आम्ही एकाच दिवशी गेलो शाळेत,” जालमसिंग म्हणाला. “त्याचा बाप आणि माझा बाप, दोघं घेऊन गेले. गुरुजीने आधी त्याचं नाव लिहिलं, मग माझं. त्याचं सापडतं तर माझं का नाही?”

तिने पोर्टलवर सुकराम टाकलं.

काही आलं नाही.

तिने परत टाकलं, बापाच्या नावासकट. ‘आपण शोधत असलेली नोंद आढळली नाही.’ समोर तिच्याच सहीचा उतारा आणि पडद्यावर हे वाक्य.

“भाऊ, तुम्ही बसा,” ती म्हणाली. “कधीपर्यंत द्यायचंय तुम्हाला?”

“उद्या. उद्या पाच वाजेपर्यंत पडताळणी समितीकडे दिलं नाही तर पोरीची केस बंद करणार म्हणाले. केस बंद झाली की सोमवारी जागा दुसऱ्याला.”

खिडकी बंद करून ती आत गेली. शोधाचा नाद सोडून तिने सर्व्हरवरचे फोल्डर थेट उघडले. शाळेचं नाव, साल, रजिस्टर, पान. तिथे जायला दहा मिनिटं लागली, पण पान होतं. निळ्या शाईतलं तिरपं अक्षर. ११७, सुकराम. त्याच्या खाली ११८, जालमसिंग, बापाचं नाव, जात, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘कपडे दिले’. कागद जसाच्या तसा तिथे होता, फक्त पोर्टलला तो दिसत नव्हता.

मग तिने शोधायला घेतलं की का दिसत नाही. आधी वाटलं, त्या एकाच शाळेचा फोल्डर सुटला असेल. दुसरी शाळा घेतली, तिसरी घेतली. काही नावं सापडत होती, काही नाही. शाळेचा संबंध नव्हता, रजिस्टर किती जुनं याचाही नव्हता. १९७०चं एक पान पटकन आलं आणि १९९९चं आलं नाही. तिने सापडलेली आणि न सापडलेली अशा दोन ओळी वहीत लिहिल्या आणि प्रत्येकापुढे ती नोंद कधी टाइप झाली ती तारीख घातली. तेव्हा उलगडा झाला. सुरुवातीच्या तीन वर्षांत टाइप झालेलं एकही नाव सापडत नव्हतं. त्यानंतरचं सगळं सापडत होतं.

नोंदींचा तक्ता उघडून तिने त्या रजिस्टरातल्या ११८ नंबरची ओळ काढली. नावाच्या रकान्यात जालमसिंग नव्हतं. तिथे इंग्रजी अक्षरं होती, अर्थ नसलेली, ओळीने: टी, के, वाय, ई, एफ, एल, ए, एक्स.

तिला हे माहीत होतं. आठवलं नव्हतं, एवढंच. ती नोकरीला लागली तेव्हा सगळे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचे. तो फॉन्ट पडद्यावर मराठी दाखवायचा आणि मशीनच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवायचा. पुढे नवी पद्धत आली तेव्हा तिच्याबरोबर काम करणाऱ्या कुंदनने जुन्या सर्व्हरवर एक जोड बसवली होती. कोणी मराठीत नाव टाकलं की ती जोड त्याचं जुन्या फॉन्टमधलं रूपही करायची आणि दोन्ही शोधायची. कुंदन सुरतेला निघून गेला, जोड मुकाट्याने चालत राहिली. जूनमध्ये जुना सर्व्हर बंद झाला तेव्हा तीही गेली. आतल्या पासष्ट हजार नोंदी मशीनला आता वाचताच येत नव्हत्या. त्यातल्या कितीतरी तिने स्वतः टाइप केल्या होत्या. यादीतल्या दोनशे नावांपैकी सुरुवातीला टाइप झालेली पाच जरी टाकली असती, तरी हे जूनमध्येच कळलं असतं.

तिने श्रेणिकला फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

“ताई, खरं सांगू? मी मेलमध्ये लिहिलं होतं. जुना डेटा फॉन्टमधला दिसतोय, आधी बदलून घ्यावा लागेल, तीन आठवडे लागतील. सरांचं उत्तर आलं, उद्घाटनानंतर बघू.”

“आणि नंतर?”

“नंतर कोणी विचारलं नाही. तुमची सही झाली होती, मला वाटलं तुम्ही पाहिलं असेल.”

“तो मेल मला पाठवा.”

“ताई, ते राहू द्या. शाळांच्या कॅमेऱ्यांचं काम यायचंय अजून. मला यांच्याकडेच जायचंय.”

तिने पान छापलं. चार वाजले होते. पान घेऊन ती ईश्वर भाऊसाहेबांकडे गेली. ईश्वर भाऊसाहेब कार्यालयाचे मुख्य लिपिक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांनी चष्मा वर सरकवून पान पाहिलं, मग जावक रजिस्टर उघडून बोट फिरवलं.

“ताई, जुलैले याले नही म्हनीसन पत्र जायेल शे. नंबर पडेल शे त्याले. आते हाऊ उतारा कसा देसू?”

“भाऊसाहेब, पान समोर शे ना. दखा.”

“पान शे वं, मी कोठे नही म्हनस? पन एकच संस्था आज नही म्हनी आन उद्या हाव म्हनी, तर इचारतीन ना. पहिलं पत्र रद्द करनं पडी. त्याले सरनी सही लागस.”

नवनीत सर बाहेरगावी होते. शुक्रवारी सकाळी येणार होते. जालमसिंगला तिने सांगितलं, उद्या नक्की होईल, दहाला या. घाट चढून परत जाण्यात अर्थ नव्हता, तो एसटी स्टँडवर राहिला.

शुक्रवारी नवनीत सर साडेअकराला आले. वयाने रंजिताएवढेच. अध्यक्षांचे पुतणे, शिकलेले, आवाज कधीही न चढवणारे. तिने जालमसिंगचं पान, सुकरामचा उतारा आणि रद्द करायच्या पत्राचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. काय बिघडलंय ते चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं, तिला बसायलाही सांगितलं.

“म्हणजे सर्च जूनपासून चुकीचं सांगतोय.”

“आधी टाइप झालेल्या नोंदींसाठी, हो सर.”

“आणि अशी किती पत्रं गेली?”

“मी सकाळी जावकमधून मोजली. एकाहत्तर.”

त्यांनी मसुदा वाचला. ‘तांत्रिक त्रुटीमुळे पूर्वीचे पत्र चुकीने निर्गमित झाले असून ते रद्द समजावे.’ त्यांनी ‘तांत्रिक त्रुटीमुळे’ या शब्दांवर पेन टेकवलं.

“बुधवारी आपल्या कॉलेजला मूल्यांकनाची समिती येतेय. आपण त्यांना डिजिटल अभिलेख दाखवणार आहोत. तेच आपलं मुख्य आहे. आणि त्याच आठवड्यात मी सहीनिशी लिहून देऊ की आमचं मशीन चूक सांगतं?”

“सर, सगळ्यांचं नंतर बघू. या एकाचं आज द्या. पाच वाजेपर्यंत द्यायचंय त्याला.”

“एकाचं दिलं की बाकीचे सत्तर येतील. गुरुवारी देतो. समिती गेली की सगळ्यांचं करू, व्यवस्थित.”

“सोमवारी त्याच्या मुलीची जागा जाईल.”

“मॅडम, आज तुम्ही त्यांच्यासाठी एवढं बोलताय. जूनमध्ये संस्थेसाठी एवढ्याच ठामपणे बोलला असतात, तर ही वेळ आली नसती. सही तुमची आहे.”

तिने कागद उचलले. दारापर्यंत गेल्यावर ते मागून म्हणाले, “दुरुस्त मात्र करा. बुधवारच्या आत.”

बाहेर जालमसिंग भिंतीला टेकून बसला होता. तिला पाहून उठला.

रंजिता खिडकीत गेली. तिने पान परत छापलं, त्यावर ‘खरी प्रत’चा शिक्का मारला आणि खाली स्वतःची सही केली. तसा अधिकार तिला नव्हता. ईश्वर भाऊसाहेबांनी ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

“हे घेऊन चला,” ती म्हणाली. “मी येते बरोबर.”

ती त्याला स्कूटीवर मागे बसवून पडताळणीच्या कार्यालयात घेऊन गेली. तिथल्या बाईंनी फाईल काढली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, जुलैचं आणि आजचं.

“यात सचिवांची सही आहे, नोंद नाही म्हणून. यात तुमची आहे, नोंद आहे म्हणून. तुम्ही कोण?”

“ऑपरेटर.”

“मग मी कुठलं धरू, तुम्हीच सांगा.” त्या चिडलेल्या नव्हत्या. “पाचच्या आत सचिवांचं पत्र आणा, मी लगेच जोडते. मी थांबते पाहिजे तर सव्वापाचपर्यंत.”

रंजिताने नवनीत सरांना फोन केला. त्यांनी उचलला नाही. परत केला. तिसऱ्यांदा केल्यावर मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. पावणेपाचला तिने ईश्वर भाऊसाहेबांना फोन करून सांगितलं की सरांच्या केबिनमध्ये जा आणि फोन त्यांच्या हातात द्या. भाऊसाहेब गेले. मागे पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, “ताई, ते गुरुवारना म्हनी ऱ्हायनात.”

सव्वापाचला त्या बाईंनी फाईलवर एक ओळ लिहिली, तारीख घातली आणि फाईल दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवली.

जालमसिंगने रंजिताची सही असलेला कागद परत मागितला. त्यांनी दिला. बाहेर आल्यावर तो पायऱ्यांवर उभा राहून बराच वेळ तो वाचत होता.

“कपडे दिले,” तो म्हणाला. “लिहिलंय बघ. खरं आहे ते. खाकी चड्डी आणि सदरा. सदरा मोठा झाला होता मला.” मग त्याने कागद घडी करून खिशात टाकला. “पोरीला काय सांगू, ताई?”

“माझी चूक झाली म्हणून सांगा.”

“ते सांगून काय होईल,” असं म्हणून तो स्टँडकडे चालायला लागला. स्कूटीवरून सोडते म्हणाली तर नको म्हणाला.

शनिवार आणि रविवार रंजिता दिवसभर कार्यालयात एकटी बसली. कुंदनला सुरतेला फोन करून तिने त्याच्याकडून जुनी जोड मिळवली. तेवढ्याने भागणार नव्हतं म्हणून त्या जोडीचाच आधार घेऊन तिने पासष्ट हजार नोंदी जुन्या फॉन्टमधून नव्या पद्धतीत बदलून घेतल्या. जोडाक्षरांचे घोटाळे हाताने निस्तरले आणि शेवटी सगळ्या नोंदींची सूची मशीनला नव्याने करायला लावली. रविवारी चारला तिने जालमसिंग टाकलं. पान आलं. मग जावक रजिस्टर समोर घेऊन तिने एकाहत्तर नावं एकेक करून टाकली. तेरा खरोखरच नव्हती. अठ्ठावन्न होती. अठ्ठावन्न माणसांना संस्थेने सहीशिक्क्यानिशी सांगितलं होतं की तुम्ही आमच्या शाळेत कधी नव्हता.

बुधवारी मूल्यांकनाची समिती आली. नवनीत सरांनी एका पाहुण्यांना कोणतंही नाव टाकायला सांगितलं. त्यांनी १९७८चं एक नाव सुचवलं आणि पान क्षणात आलं. सगळ्यांनी मान डोलावली. रंजिता मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती.

गुरुवारी तिने अठ्ठावन्न पत्रांचे मसुदे सरांसमोर ठेवले. सरांनी जालमसिंगच्या पत्रावर सही केली. बाकीचा गठ्ठा परत दिला.

“ज्यांना गरज असेल ते येतील. आले की द्यायचं. आपण होऊन कशाला कळवायचं?”

“नोंद नाही म्हणून सांगितल्यावर ते परत कशाला येतील, सर?”

“जालमसिंग आला ना?”

तिने गठ्ठा उचलला. अर्जांवर मोबाईल नंबर होते. दुपारच्या सुट्टीत कार्यालयामागच्या कडुनिंबाखाली बसून तिने स्वतःच्या फोनवरून एकेक नंबर लावायला सुरुवात केली. पाच दिवस लागले. एकवीस नंबर बंद किंवा रेंजबाहेर. मोलगीकडच्या एकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आमचा पोरगा गेला गुजरातला कामाला, आता राहू द्या. एक बाई म्हणाली, तुम्ही नाही म्हटल्यावर घरात भांडण झालं, सासरे शाळेत गेलेच नाहीत, खोटं सांगतात, असं सगळे त्यांना बोलले. मग तिने फोन सासऱ्यांच्या हातात दिला आणि रंजिताला तेच सगळं पुन्हा सांगावं लागलं. म्हाताऱ्याने विचारलं, “म्हणजे मी होतो ना?” ती म्हणाली, “होता, बाबा. नंबर चाळीस.” एकाने शिव्या दिल्या. तिने त्या ऐकल्या आणि तो थांबल्यावर कधी यायचं ते सांगितलं. नऊ जणांच्या तारखा अजून शिल्लक होत्या, त्यांचं काम झालं.

त्यांच्यापैकीच कोणीतरी खिडकीशी मोठ्याने बोललं असावं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला मेमो मिळाला. तपासणी न करता योग्य असल्याचा अहवाल दिला, अधिकार नसताना खरी प्रत दिली, परवानगी न घेता बाहेरच्या व्यक्तींना कार्यालयीन माहिती फोनवर दिली. तीन मुद्दे. तिने खुलाशात पहिला मुद्दा मान्य केला. श्रेणिकच्या मेलबद्दल लिहिलं. तीन दिवसांनी श्रेणिकचं लेखी निवेदन आलं: प्रणाली संस्थेच्या प्रतिनिधीने तपासून स्वीकारली होती. मेलचा त्यात उल्लेख नव्हता.

ईश्वर भाऊसाहेबांनी तो कागद तिला आपणहून दाखवला.

“मी सांगसू काय अध्यक्षले?” ते म्हणाले. “फोन मन्हाच हातमा व्हता त्या दिवशी.”

“सांगा ना, भाऊसाहेब.”

त्यांनी कागद फाईलला लावला. दोन वर्षं होती त्यांची. त्यांनी सांगितलं नाही, आणि ती परत त्यांना काही म्हणाली नाही.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खिडकीशी एक मुलगी आली. दोन वेण्या, पाठीला सॅक. संस्थेच्याच शहाद्याच्या कॉलेजात बी.ए.ला उशिरा प्रवेश घेतला होता आणि शुल्कमाफीच्या अर्जावर मुख्य कार्यालयाचा शिक्का हवा होता. रंजिताने अर्ज घेतला आणि नाव वाचलं. सेवंती जालमसिंग पावरा.

तिने मान वर केली. मुलगी तिच्याकडेच बघत होती.

“तुम्हीच ना?” सेवंतीने विचारलं. “बाबा म्हणाले, खिडकीत चष्मेवाली ताई आहे.”

“हो. मीच.”

“माझ्यानंतर यादीत जी होती तिला मिळाली ती जागा. नवापूरची आहे. आम्ही एकाच क्लासला होतो. फोटो टाकला तिने, युनिफॉर्मचा.”

“सेवंती, पुढच्या वर्षी परत दे परीक्षा. आता कागद सगळा तयार आहे. मी—”

“बाबा म्हणाले तुम्ही त्यांना गाडीवर बसवून नेलं. दुसरं कोणी नेलं नसतं, असं म्हणतात ते. मला ते ऐकायचा कंटाळा आलाय.” ती हे हळूच बोलली, पण अडखळली नाही. “तुम्हाला वाईट वाटतं, ते कळतं मला. पण मी त्याचं काय करू?”

रंजिताने अर्ज तपासला. एका रकान्यात मुलीने सही करायची राहिली होती. तिने बोट ठेवून दाखवलं, पेन पुढे केलं. सेवंतीने सही केली. रंजिताने शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि पोच फाडून दिली.

“पंधरा दिवसांनी येऊन विचारायचं?” सेवंतीने विचारलं.

“पंधरा दिवसांनी इथे दुसरं कोणी असेल, माझं कंत्राट संपतंय,” रंजिता म्हणाली. “नंबर सांगायचा आणि विचारायचं. नाही म्हणाले तर समोर उभं राहून परत बघायला लावायचं.”

सेवंतीने पोच सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली, चेन लावली आणि ती गेली. रांगेतल्या पुढच्या माणसाने आपला अर्ज खिडकीतून आत सरकवला. रंजिताने त्याला बापाचं नाव विचारलं आणि ते टाइप करायला लागली.